कँटनच्या कोठडीतील ३९ दिवस

२४ नोव्हेंबर १७८४. दक्षिण चीनमध्ये, कँटन शहराजवळच्या व्हाम्पोआ बंदरात 'लेडी ह्यूज' नावाचे जहाज नांगर टाकून उभे होते. जहाजावर जेवायला आलेली काही मंडळी परत निघाली आणि त्यांच्या सन्मानार्थ सलामीची तोफ उडवण्यात आली. जहाजाच्या कुशीला माल वाहणारा एक चिनी पडाव लागलेला होता आणि तोफेचा मारा थेट त्याच्यावर गेला. तीन नावाडी जबर जखमी झाले. त्यांपैकी वु याके आणि वांग युनफा हे दोघे पुढे मरण पावले.

ज्याने तोफेला बत्ती दिली त्याचे नाव मात्र इंग्रजी दप्तरात कुठे येत नाही. तेथे तो केवळ 'गोलंदाज' आहे. त्याने आज्ञेप्रमाणे सलामी दिली होती. सात आठवड्यांच्या आत त्याचा गळा आवळला गेला, आणि त्या मृत्यूचे पडसाद पुढची दीडशेहून अधिक वर्षे चीन आणि पाश्चात्त्य देश यांच्या संबंधांवर उमटत राहिले.

परमुलखात एखादा खलाशी पकडला गेला आणि खटल्याची वाट पाहत कोठडीत बसला, तर त्याच्या वतीने बोलायचे कोणी? जहाजाच्या कप्तानाने, व्यापाऱ्याने, की राज्याच्या वकिलाने? आज या प्रश्नाचे उत्तर एका आंतरराष्ट्रीय करारात सापडते. १७८४ मध्ये कँटनला ते कोणाकडेच नव्हते.

प्रथम कँटनची व्यवस्था समजून घ्यावी लागते. छिंग साम्राज्याने पाश्चात्त्यांच्या सागरी व्यापारासाठी हे एकच बंदर खुले ठेवले होते. परदेशी व्यापाऱ्यांना शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या वखारींत राहावे लागे, आणि तेही व्यापाराच्या हंगामापुरतेच. त्यांचा व्यवहार सरकारमान्य चिनी व्यापाऱ्यांशी, म्हणजे हाँग व्यापाऱ्यांशी चाले. प्रत्येक परदेशी जहाजाला एक हाँग व्यापारी जामीन राही. जहाजाने जकात बुडवली, खलाशांनी दंगा केला, तर मानगूट जामीनदाराची धरली जाई. परदेशी व्यापाऱ्याला सरकारी अधिकाऱ्याकडे थेट अर्ज करण्याचीही मुभा नव्हती. तो हाँग व्यापाऱ्यामार्फतच द्यावा लागे. पेकिंगच्या दरबारात कोणत्याही पाश्चात्त्य राज्याचा कायमचा वकील नव्हता. थोडक्यात, चहा आणि रेशमाच्या खरेदीविक्रीचे यंत्र तेलपाणी दिलेल्या चाकासारखे फिरत होते, परंतु माणूस मेला तर काय करायचे, याचे एकही कलम दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलेले नव्हते.

त्यात 'लेडी ह्यूज' हे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज नव्हते. ते मुंबईचे होते. हिंदुस्थान आणि चीन यांच्या दरम्यान खासगी व्यापारी कंपनीच्या परवान्याने जी जहाजे चालवत, त्यांना 'कंट्री शिप' म्हणत, आणि हे त्यांपैकी एक. मुंबईहून कापूस न्यायचा आणि चीनहून चहा, रेशीम, साखर आणायची, हा त्या व्यापाराचा ठरलेला क्रम. सालबाईच्या तहाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मराठ्यांशी झालेल्या युद्धातून बाहेर पडलेल्या मुंबईकर इंग्रजांना चीनचा हा व्यापार पैशाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटू लागला होता.

कँटनच्या अधिकाऱ्यांनी गोलंदाजाची मागणी केली तेव्हा कंपनीच्या वखारीचा प्रमुख पिगू याने हेच सांगितले. हे जहाज खासगी आहे आणि त्याच्यावर कंपनीचा हुकूम चालत नाही. गोलंदाज पळून गेला आहे, असेही इंग्रजांच्या बाजूने सांगण्यात आले. चिनी अधिकाऱ्यांना हे दोन्ही पटण्यासारखे नव्हते. एकाच राजाची प्रजा, एकच भाषा, एकच निशाण; आणि तरी जबाबदारी घेण्याची वेळ आली की 'हे आमचे, ते त्यांचे'! ज्या व्यवस्थेत प्रत्येक समूहाचा म्होरक्या समूहासाठी उत्तरदायी असतो, तेथे अशी उत्तरे निव्वळ टाळाटाळ ठरतात. निष्पक्षपणे पाहिले तर ती बऱ्याच अंशी टाळाटाळ होतीच.

मग कँटनच्या अधिकाऱ्यांनी आपल्या पद्धतीने म्होरक्याला गाठले. २७ नोव्हेंबरला 'लेडी ह्यूज'चा सुपरकार्गो, म्हणजे जहाजावरील मालाचा मुखत्यार, जॉर्ज स्मिथ याला खोटा निरोप पाठवून बाहेर काढण्यात आले आणि नंग्या तलवारींच्या पहाऱ्यात शहराच्या तटाआड नेण्यात आले. परदेशी वखारींत एकच खळबळ उडाली. आज स्मिथ, तर उद्या कोण? इंग्रज, फ्रेंच, डच, डॅनिश आणि त्याच वर्षी प्रथम चीनला पोचलेले अमेरिकन, अशा सर्वांनी व्हाम्पोआहून आपापल्या हत्यारबंद होड्या मागवून वखारींसमोर उभ्या केल्या. चिनी बाजूने व्यापार बंद झाला, वखारींकडे येणारे रस्ते अडवले गेले, नोकरचाकर आणि दुभाषे नाहीसे झाले.

या एकजुटीचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे ठरले. तुमच्याशी आमचे भांडण नाही, असे सुभेदाराने इतर देशांच्या व्यापाऱ्यांना कळवले आणि एकेक निशाण मागे सरकू लागले. 'एम्प्रेस ऑफ चायना' या अमेरिकी जहाजाचा मुखत्यार सॅम्युएल शॉ याने आपल्या रोजनिशीत ही हकिकत लिहून ठेवली आहे. इंग्रजांच्या बाजूला शेवटपर्यंत टिकून राहिलो ते आम्हीच, असा त्याचा अभिमान. हा शॉ पुढे पुन्हा भेटणार आहे.

तटाआड बसलेल्या स्मिथने आपल्या कप्तानाला पत्र लिहिले : गोलंदाजाला, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी, चौकशीसाठी पाठवून द्यावे. 'दुसऱ्या कोणाला तरी' या शब्दांवर इतिहासकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. खलाशी हा अदलाबदलीचा माल असल्यासारखाच तो मजकूर आहे. ३० नोव्हेंबरला गोलंदाजाला कँटनच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला भिण्याचे कारण नाही, असे आश्वासन परदेशीयांना मिळाले. स्मिथ सुटला. व्यापार पुन्हा सुरू झाला.

येथून पुढचे ३९ दिवस या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहेत.

कँटनचा सुभेदार सुन शि-यी याने बादशहाकडे अहवाल पाठवला. त्यात त्याने सुचवले होते की, गोलंदाजाला त्याच्या देशाकडे परत पाठवावे आणि शिक्षा तेथे व्हावी. कँटन ते पेकिंग हे अंतर दोन हजार किलोमीटरांच्या आसपासचे. घोड्यांच्या डाकेने अहवाल गेला आणि उत्तर आले. बादशहा छियानलाँग संतापला होता. त्याच सुमारास चीनच्या अंतर्भागात लपून धर्मप्रसार करणारे युरोपीय पाद्री पकडले गेले होते आणि परदेशीयांबाबत नरमाई दाखवण्याची त्याची मुळीच तयारी नव्हती. त्याने सुभेदाराला खडसावले आणि परदेशीयांच्या डोळ्यांदेखत गोलंदाजाला गळा आवळून मारण्याचा हुकूम दिला.

'एम्प्रेस ऑफ चायना' २८ डिसेंबरला परतीच्या प्रवासाला लागले. गोलंदाज तेव्हा कोठडीत होता आणि जिवंत होता. चहाच्या पेट्या भरल्या जात होत्या, वजने होत होती, हिशेब लिहिले जात होते. ८ जानेवारी १७८५ रोजी हुकमाची अंमलबजावणी झाली. आमच्या दोन माणसांच्या बदल्यात बादशहाने तुमचा एकच जीव मागितला, ही त्याची उदारता समजा, असे परदेशी वखारींच्या प्रमुखांना ऐकवण्यात आले.

चिनी कायदा रानटी होता म्हणून हे घडले, असे पुढच्या काळात युरोपात वारंवार लिहिले गेले. कागद वेगळे सांगतात. छिंग कायद्यात खून, मारामारीत झालेला मृत्यू आणि निव्वळ अपघात यांत स्पष्ट भेद होता. अपघाताने माणूस मेला, तर मृताच्या कुटुंबाला १२.४२ ताएल चांदी देऊन आरोपीची सुटका होऊ शके. सलामीची तोफ या व्याख्येत बसते का, की पडाव लागलेला असताना तोफ डागणे ही अक्षम्य बेफिकिरी होती, हा वादाचा मुद्दा होता. आजही तो आहे. पण तो वाद मांडायला लागणारे ज्ञान कोणाकडे होते? गोलंदाजाच्या पाठीशी उभा राहून 'तुमच्याच कायद्यात अशी तरतूद आहे' असे म्हणेल, असा एकही माणूस वखारींच्या त्या रांगेत नव्हता. इंग्रजांपैकी कोणी तो कायदा वाचलेलाच नव्हता.

यापुढे आपला माणूस चिन्यांच्या हाती द्यायचा नाही, अशी गाठ कंपनीने या घटनेनंतर मनाशी बांधली. तिची परीक्षा २२ वर्षांनी झाली.

फेब्रुवारी १८०७ मध्ये कंपनीच्या 'नेपच्यून' जहाजाचे खलाशी सुटीवर कँटनला आले, यथेच्छ दारू प्याले आणि वखारींसमोरच्या जमावाशी त्यांची मारामारी जुंपली. एक चिनी माणूस जखमी होऊन पुढे मरण पावला. पुन्हा मागणी, पुन्हा नकार, पुन्हा व्यापार बंद. 'नेपच्यून'चा जामीनदार हाँग व्यापारी मौक्वा याच्यावर अधिकाऱ्यांचा दबाव दिवसेंदिवस वाढू लागला, आणि संकटातून वाट काढण्यासाठी त्याने आपली तिजोरी मोकळी केली.

या वेळी मात्र वखारीत जॉर्ज थॉमस स्टाँटन होता. १७९३ च्या मॅकार्टनी वकिलातीबरोबर तो बारा वर्षांचा मुलगा म्हणून पेकिंगला गेला होता. प्रवासात शिकलेल्या चिनी भाषेत तो खुद्द छियानलाँगशी बोलला होता आणि म्हाताऱ्या बादशहाने खूश होऊन कमरेची एक थैली त्याला भेट दिली होती. तोच मुलगा आता कंपनीच्या नोकरीत होता आणि चिनी भाषा उत्तम जाणणारा तेथील एकमेव इंग्रज होता. त्याने वाटाघाटींत दुभाष्याचे काम केले, आणि जे १७८४ मध्ये अशक्य वाटले असते ते घडले. चिनी न्यायाधीशांसमोरची चौकशी इंग्रजांच्या वखारीतच भरली. न्यायासनावर चिनी अधिकारी, समोर ५२ खलाशी, एका बाजूला कंपनीचे प्रमुख, आणि दाराशी इंग्रज आरमाराचे शिपाई. त्या सभेचे एका चिनी चित्रकाराने काढलेले चित्र उपलब्ध आहे.

५२ जणांतून अखेर एडवर्ड शीन नावाचा एकटा खलाशी वेगळा काढला गेला, आणि निकाल होईपर्यंत तो कंपनीच्याच देखरेखीखाली राहिला. मग पेकिंगला जो अहवाल गेला तो वाचताना हसावे की थक्क व्हावे ते कळत नाही. अहवालानुसार, शीन वखारीच्या माडीवर काठीने खिडकी उघडत होता, काठी हातातून निसटली आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडली! दारू नाही, दंगा नाही, जमाव नाही. अपघातच तो. शिक्षा : १२.४२ ताएल. शीन सुटला.

शीन निर्दोष होता म्हणून सुटला नाही. ५२ जणांत नेमका दोषी कोण हे कोणालाच ठरवता आलेले नव्हते. तो सुटला कारण एका हाँग व्यापाऱ्याची तिजोरी, बंदराच्या जकातीची चिंता, नदीच्या मुखाशी असलेले आरमार आणि चिनी भाषा जाणणारा एक तरुण या चार गोष्टी एकाच वेळी त्याच्या बाजूला आल्या. स्टाँटनने पुढे छिंग दंडसंहितेचे इंग्रजी भाषांतर केले आणि १८१० मध्ये ते लंडनला छापले. शीनच्या खटल्याचे कागद त्याने त्याच्या परिशिष्टात जोडले. गोलंदाजाला जे पुस्तक हवे होते, ते त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी आले.

आता शॉकडे वळू. १७८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला कँटनचा पहिला कॉन्सल नेमले. गोलंदाजाचे प्रकरण डोळ्यांनी पाहिलेला माणूस अमेरिकेचा चीनमधील पहिला प्रतिनिधी झाला. परंतु त्या नेमणुकीत एक अट होती : वेतन नाही, भत्ता नाही. कॉन्सलने आपला व्यापार करावा आणि सवडीने देशबांधवांची काळजी घ्यावी. चिनी सरकारच्या लेखी तर तो अधिकारीच नव्हता, इतरांसारखाच एक बडा व्यापारी. या मानाच्या पण पोकळ पदाचा कस १८२१ मध्ये लागला.

२३ सप्टेंबर १८२१ रोजी बाल्टिमोरच्या 'एमिली' जहाजाशेजारी एक चिनी स्त्री होडीतून फळे विकत होती. फ्रान्सिस टेरानोव्हा या खलाशाशी तिची घासाघीस चालली होती. ती पाण्यात पडली आणि बुडून मेली. टेरानोव्हाने मातीचे भांडे तिच्या डोक्यावर फेकून मारले, असा आरोप झाला. त्याने भांडे दोरीने सांभाळून खाली सोडले होते आणि तिचा तोल गेला, असे जहाजावरचे लोक सांगत होते.

टेरानोव्हा मूळचा सिसिलीचा. जहाज अमेरिकी, माणूस इटालियन भाषिक, मृत स्त्री चिनी. त्याच्या वतीने बोलायला अमेरिकी कॉन्सल बेंजामिन विलकॉक्स आणि व्यापाऱ्यांची एक समिती पुढे आली. आरंभी त्यांनी त्याला स्वाधीन करण्यास नकार दिला आणि जहाजावरच चौकशी व्हावी ही मागणी मान्य करून घेतली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पानयू जिल्ह्याचा दंडाधिकारी लवाजम्यासह 'एमिली'वर आला. फिर्यादीच्या साक्षी ऐकल्या, भांडे आणि जखम यांचा मेळ बसतो असे ठरवले, आणि बचावाचे म्हणणे पुरते भाषांतरित होण्याआधीच टेरानोव्हा दोषी असल्याचे जाहीर करून तो उठला. अमेरिकनांनी निषेध केला, पण तो विचित्र निषेध होता. हा न्याय आम्हाला अन्यायाचा वाटतो, तरी तुमच्या पाण्यात आहोत तोवर तुमच्या कायद्याला विरोध करणार नाही, असा त्याचा आशय. व्यापार बंद झाला, आणि पुढे टेरानोव्हाला जहाजावरून नेण्यात आले तेव्हा त्यांनी प्रतिकार केला नाही. कँटनमध्ये त्याची पुन्हा चौकशी झाली. त्या वेळी एकही अमेरिकन हजर राहू शकला नाही. ऑक्टोबर संपण्यापूर्वी त्याला गळा आवळून मारण्यात आले आणि मृतदेह 'एमिली'कडे परत पाठवला गेला.

अमेरिकन इतक्या लवकर का नमले? त्यांच्याकडे आरमार नव्हते, हे खरे. पण दुसरे कारण जहाजाच्या पोटात होते. 'एमिली'वर अफू होती, आणि अफूला चीनमध्ये सक्त बंदी होती. खुद्द कॉन्सल विलकॉक्स तुर्की अफूच्या व्यापारात गुंतलेला. टेरानोव्हासाठी ताणून धरावे, तर जहाजाची झडती, जप्ती आणि सगळ्या अमेरिकी व्यापाराची शोभा होण्याचे भय. बिनपगारी कॉन्सलपुढे एका बाजूला एक खलाशी होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचे स्वतःचे वहीखाते. निवड कशी झाली ते दिसतेच. टेरानोव्हाच्या मृत्यूनंतर सुभेदार रुआन युआन याने अफूचा मुद्दा बाहेर काढलाच आणि 'एमिली'ला परतीचा माल न भरताच बंदराबाहेर घालवून दिले.

अठरा वर्षांनी पारडे पुरते फिरले. ७ जुलै १८३९ रोजी कौलून येथे, हाँगकाँग बेटासमोर, मद्यधुंद खलाशांनी लिन वेइ-शी नावाच्या गावकऱ्याला लाठ्यांनी मारले. दुसऱ्या दिवशी तो मेला. खलाशी ज्या जहाजांवरचे होते त्यांची नावे 'कर्नाटिक' आणि 'मँगलोर'. हिंदुस्थानी किनाऱ्याची आठवण चीनच्या समुद्रात अशी पावलोपावली भेटते. कँटनला त्या वेळी अफूविरोधी मोहिमेचा शाही आयुक्त लिन झेशू होता. त्याने खुन्याची मागणी केली. इंग्रजांच्या बाजूला आता कंपनी नव्हती, तर ब्रिटिश सरकारने नेमलेला व्यापार अधीक्षक कॅप्टन चार्ल्स एलियट होता, म्हणजे पूर्ण अर्थाने राज्याचा प्रतिनिधी. त्याने नकार दिला.

एलियटने मृताच्या कुटुंबाला १,५०० डॉलर दिले आणि १२ ऑगस्टला 'फोर्ट विल्यम' नावाच्या जहाजावर स्वतःच न्यायालय भरवले. खून कोणावर सिद्ध झाला नाही. पाच खलाशांना दंगा आणि मारहाणीबद्दल दंड व काही महिन्यांची कैद सुनावून इंग्लंडला पाठवण्यात आले. तेथे पोचल्यावर या न्यायालयाला असा अधिकारच नव्हता म्हणून ते मोकळे सुटले. लिन झेशूने त्याच उन्हाळ्यात व्हातेल या स्विस कायदेपंडिताच्या राष्ट्रांच्या कायद्यावरील ग्रंथातील काही उतारे चिनी भाषेत करवून घेतले होते. गोलंदाजाच्या वेळी इंग्रजांना चिनी कायदा ठाऊक नव्हता, आणि आता चिनी आयुक्त युरोपचा कायदा उघडून बसला होता. पण त्याचा उपयोग झाला नाही. लिनने मकाऊ आणि हाँगकाँगच्या इंग्रजांचे अन्नपाणी तोडले. ४ सप्टेंबरला कौलूनच्या पाण्यात तोफा झडल्या. पहिल्या अफू युद्धाचे मूळ कारण अफू आणि व्यापार हेच, यात शंका नाही, परंतु त्याची पहिली ठिणगी पडली तेव्हा वाद चालला होता तो खलाशांना कोणाच्या न्यायासनासमोर उभे करायचे याचा.

युद्ध चीनने गमावले. १८४३ मध्ये ब्रिटनला आणि ३ जुलै १८४४ च्या वांगश्या तहाने अमेरिकेला असा हक्क मिळाला की, चीनमध्ये गुन्हा करणाऱ्या त्यांच्या माणसांचा न्याय त्यांचाच कॉन्सल, त्यांच्याच कायद्याने करील. वाटाघाटी चालू असतानाच कँटनला एका दंगलीत अमेरिकनाच्या हातून शू आ-मान नावाचा चिनी माणूस मारला गेला. अमेरिकी वकील केलेब कुशिंगने आरोपीला चिन्यांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला, आणि कँटनमधल्या अमेरिकनांच्याच पंचमंडळाने ते स्वसंरक्षण ठरवले. टेरानोव्हाला जे हवे होते त्याच्या कितीतरी पट अधिक त्या आरोपीला मिळाले, आणि शू आ-मानच्या घरच्यांना काहीच नाही. वांगश्या तहात एक कलम मात्र वेगळे होते : अफूचा व्यापार करणाऱ्या अमेरिकनाला आपल्या सरकारचे संरक्षण मिळणार नाही. 'एमिली'ची आठवण दोन्ही पक्षांना असावी.

खलाशाला मदत करणे आणि खलाशाला कायद्याच्या कक्षेतूनच उचलून नेणे, या दोन गोष्टी येथे एकमेकींत मिसळून गेल्या. १७८४ चा अन्याय खरा होता. पण त्याचे नाव घेऊन जे उभारले गेले तो दुसऱ्या बाजूचा अन्याय होता, आणि चीनने तो शंभर वर्षे सोसला. ब्रिटन आणि अमेरिका यांनी हे हक्क सोडले ते ११ जानेवारी १९४३ च्या तहांनी.

या संरक्षणाची छत्री हिंदुस्थानी खलाशांसाठी कशी होती? रत्नागिरी आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरून मुंबईला येऊन गोऱ्या कंपन्यांच्या आगबोटींवर चढणारे हजारो खलाशी परदेशी बंदरांत 'ब्रिटिश प्रजा' होते. अडचण आली तर दार ब्रिटिश कॉन्सलचेच ठोठवायचे, म्हणजे ज्या साम्राज्याच्या जहाजमालकाविरुद्ध बहुधा तक्रार असे, त्याच साम्राज्याचे. स्वतःच्या देशाची वकिलात त्यांना १९४७ च्या सुमारासच मिळाली.

२४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे कॉन्सलविषयक संबंधांचा करार संमत झाला. त्याचे ३६ वे कलम वाचताना कँटनची कोठडी डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. परदेशी माणसाला अटक झाली, तर तुझ्या कॉन्सलला कळवण्याचा तुला हक्क आहे, हे त्याला विनाविलंब सांगितले पाहिजे. त्याने विनंती केली की कॉन्सलला विनाविलंब कळवले पाहिजे. कॉन्सल त्याला कोठडीत भेटू शकतो, त्याच्याशी बोलू शकतो, पत्रव्यवहार करू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो. यापलीकडे नाही. त्याच करारातील ५५ वे कलम सांगते की, यजमान देशाच्या कायद्यांचा मान राखायचा आणि त्याच्या अंतर्गत कारभारात हात घालायचा नाही. खटला यजमान देशाच्याच न्यायालयात चालणार. एलियटला हे कलम मुळीच रुचले नसते. गोलंदाजाला ३६ वे कलम पुरेसे होते.

पुरेसे, म्हणजे पाळले गेले तर. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००१ मध्ये लाग्रँड खटल्यात अमेरिकेला दोषी धरताना हा हक्क केवळ राज्याचा नसून अटकेतील व्यक्तीचाही आहे, असे स्पष्ट केले. १७ जुलै २०१९ रोजी त्याच न्यायालयाने कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. भारतीय नौदलाच्या या निवृत्त अधिकाऱ्याला मार्च २०१६ मध्ये अटक झाली होती, आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली तोपर्यंत एकाही भारतीय अधिकाऱ्याला त्याला भेटू दिलेले नव्हते.

टेरानोव्हाच्या वेळचा दुसरा प्रश्नही मिटलेला नाही. जहाज एका देशाचे, माणूस दुसऱ्या देशाचा, कोठडी तिसऱ्या देशाची. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हिरॉइक इदुन' हे तेलवाहू जहाज इक्वेटोरियल गिनीच्या नौदलाने अडवले. झेंडा मार्शल बेटांचा. जहाजावर २६ जण, त्यांपैकी १६ भारतीय, बाकीचे श्रीलंका, पोलंड आणि फिलिपिन्सचे. नोव्हेंबरात सर्वांना नायजेरियाच्या ताब्यात देण्यात आले आणि तेलचोरीच्या संबंधातील आरोप ठेवण्यात आले. भारतीय वकिलातीचे अधिकारी त्यांना भेटत राहिले, वकील उभे राहिले, मार्शल बेटांनी आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. मे २०२३ मध्ये तडजोडीने खटला मिटला आणि जहाज मोकळे झाले. अटकेपासून तोपर्यंत नऊ महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. जूनमध्ये ते १६ जण भारतात परतले.